विहिरीत दिवा सोडण्याआधी

सन एकोणीसशे सदतीस, वैशाख महिना, शनिवारची सकाळ. जागा: चौलची आमची वाडी, राहाटाची विहीर. हजर: माझे धाकटे दीर, म्हणजे भावोजी, वाडीचा गडी, गड्याची बायको, मी. शेजारच्या मोटार-थांब्याचे मालकही हजर होते, पण ते बोलावल्यावाचून आले म्हणून शेवटी लिहिते. त्यांना सगळा गाव शेठ म्हणे. गैरहजर: माझे यजमान, मुंबईला नोकरीवर; जाऊबाई, भाचीच्या लग्नासाठी माहेरी, नागावला. सामान: दोन दोर, चार टोपल्या, दोन फावडी, नारळ, हळदकुंकू, तेल, वात, करवंटी. काडेपेटी नाही. घरातल्या सगळ्या काडेपेट्या मी पहाटेच गोळा करून तांदळाच्या पिंपात पुरल्या होत्या.

आमच्याकडे पावसाआधी विहिरीचा गाळ काढतात. सुपारीला शिंपणं लागतं, शिंपण्याला विहीर लागते, आणि गाळ साठला की झरे बुजतात. एक वर्ष टाळलं तर चालतं. दुसऱ्या वर्षी पोफळी माना टाकतात. आदल्या वर्षी पाऊस लवकर उतरला म्हणून आमचं काम राहून गेलं होतं. त्यामुळे या खेपेला टाळायची सोय नव्हती.

विहिरीत उतरणं भावोजींचं काम. त्यांच्या अंगात भीती कमी आणि थट्टा जास्त. आमचीच नव्हे, आसपासच्या वाड्यांच्या विहिरीही तेच उपसून देत. मात्र एक नेम ते कधी मोडत नसत: उतरण्याआधी दिवा. विहिरीत आसरा, म्हणजे पाण्यातल्या देवता असतात, सात जणी, आणि त्यांना विचारल्याशिवाय खाली पाय टाकायचा नाही. नारळाच्या करवंटीत तेल-वात घालायची, तिला शिंक्यासारख्या तीन दोऱ्या बांधायच्या आणि पेटता दिवा सावकाश खाली सोडायचा. पाण्यापर्यंत जळत गेला तर आसरा ‘ये’ म्हणाल्या. मध्येच विझला तर त्या दिवशी कोणी उतरायचं नाही.

यात नुसती भाविकता नव्हती. त्यांच्या मामांच्या वाडीतल्या जुन्या विहिरीत एकदा दिवा अर्ध्यावर विझला. लोक म्हणाले, वाऱ्याने विझला, उतर. भावोजी उतरले नाहीत. हट्ट म्हणून टोपलीत कोंबडी घालून खाली सोडली, ती मेलेलीच वर आली. तेव्हापासून त्यांच्या लेखी दिव्यावर दुसरं प्रमाण नव्हतं. जाऊबाई माहेरी जाताना मला एवढंच म्हणाली होती, “ताई, विहिरीत उतरू नका असं म्हटलेलं ते ऐकणार नाहीत. पण दिवा विझला आणि तरी उतरायला निघाले, तर तुम्ही दोर धरून बसा.”

दिवा विझेल याची तिला भीती होती. मला भीती होती ती दिवा विझणार नाही याची.

कारण सांगायचं तर दोन वर्षं मागे जायला हवं.

आमच्या वाडीची एक पट्टी अलिबाग-रेवदंडा रस्त्याला लागून आहे. ती शेठना भाड्याने दिली होती. त्यांच्या दोन सर्व्हिस मोटारी तिथे उभ्या राहत. आधी ते छकडे हाकत; छकड्यांवरून मोटारींवर आले आणि गावाला बरं झालं. अलिबागच्या दवाखान्यात माणूस न्यायचा तर पूर्वी निम्मा दिवस जायचा. पेट्रोलचे डबे मचव्यातून रेवदंड्याच्या बंदरात उतरत आणि बैलगाडीतून इथे येत. मग शेठच्या मनात पंप भरला. वर काचेचं भांडं, बाजूला दांडा, आणि जमिनीखाली लोखंडी टाकी. जागा आमची, टाकी त्यांची, म्हणून परवान्यासाठी आमची संमती हवी होती.

पाहणीला कचेरीतून एक तरुण कारकून आला. अटी इंग्रजीत होत्या. मी त्याला ओटीवर बसवलं, कोकमचं सरबत दिलं आणि म्हटलं, “आता एकेक अट मराठीत सांगा.”

“बाई, तुम्हाला काय करायचंय? परवाना शेठच्या नावावर आहे.”

“टाकी माझ्या जमिनीत झोपणार आहे. तिच्या खोडी मला आधी कळलेल्या बऱ्या.”

तो हसला, पण सांगितलं सगळं. टाकी जाड पत्र्याची, जोड पक्के. पुरण्याआधी हवेचा दाब देऊन गळते का ते तपासायचं. बाहेरून डांबर. खाली पक्का पाया, भोवती स्वच्छ वाळू ठासायची. वाफ जायला उंच नळी, तिच्या तोंडाला बारीक जाळी. जवळपास आग, बिडी, कंदील नाही. रोज टाकीत पट्टी घालून आत किती आहे ते बघायचं आणि किती विकलं त्याच्याशी ताडायचं. तेल गटारात, ओढ्यात, विहिरीत जाता कामा नये. आणि गळती असल्याचा संशय जरी आला तरी विक्री बंद, टाकी रिकामी, कचेरीला वर्दी. मी बोटांवर धरत गेले. एकही अट अवघड नव्हती. आपण लोणच्याच्या बरणीला याहून जास्त जपतो.

दाबाची परीक्षा कारकुनासमोर झाली. टाकीत हवा भरली, जोडांवर साबणाचं पाणी फिरवलं, कुठेही बुडबुडा आला नाही. त्याने सही केली आणि धरमतरची मोटार पकडायला निघून गेला. टाकी चांगलीच होती. ती बिघडली ती तिथून पुढच्या दोन तासांत.

एक तर ती नारळाच्या ओंडक्यांवरून खड्ड्यात लोटताना एका अंगाने खरवडली. डांबर निघून पत्रा उघडा पडला. उरलंसुरलं डांबर त्यावर फिरवलं, ते धड बसलं नाही. दुसरं म्हणजे वाळू. आमच्याकडे वाळू म्हटली की गाडी पुळणीकडेच वळते. मांडव घालायचा, अंगणात पसरायची, चिखलात वाट करायची, सगळीकडे पुळणीचीच वाळू. समुद्र दारात असताना कुणी नदीवर जात नाही. दोन गाड्या वाळू आली, खड्ड्यात पडली. मी बघितलं तर तीत शिंपले चमकत होते.

“शेठ, ही खारी वाळू आहे. होड्यांचे खिळे कसे होतात ते माहीत आहे ना तुम्हाला?”

“वहिनी, अट काय? स्वच्छ वाळू. पुळणीच्या वाळूपेक्षा स्वच्छ कोणती असते? समुद्र दिवसातून दोनदा धुऊन देतो.”

खड्ड्याभोवती माणसं होती, ती खो खो हसली. भावोजीही हसले. वाळू ठासली गेली, वर फरशी बसली आणि पंपाला हार घातला.

पहिला पावसाळा नीट गेला. दुसऱ्या पावसाळ्यानंतर रस्त्याकडच्या पोफळी पिवळ्या पडू लागल्या. कोळेरोग म्हणावा तर तो पावसात येतो आणि फळावर येतो; या मुळापासून सुकत होत्या. मग पौषाच्या सुमाराला एक दिवस बैलाने पाणी पिण्याचं सोडलं. राहाट ओढायचा, पण दोणीतल्या पाण्याला तोंड लावेना. गड्याने आंबोण त्यात कालवून दिलं, तर नुसता फुरफुरला.

गडी म्हणाला, “वयनी, पानी घासलेटवानी वास मारतंय. बैलाला कलतंय, आपल्याला न्हाय.”

मी दोणीशी जाऊन बघितलं. पाण्यावर पातळ साय धरली होती आणि तिच्यावर कालवाच्या शिंपल्याच्या आतल्या अंगासारखे रंग फिरत होते. बोटाने साय बाजूला केली की पुन्हा मिटायची. त्या दिवसापासून प्यायचं पाणी देवळाच्या विहिरीवरून आणायला लावलं आणि तशीच थांब्यावर गेले.

शेठ बाकावर बसून पान जुळवत होते. मी विचारलं, “पट्टी रोज घालता का? टाकीतलं किती कमी होतंय?”

“थोडं होतंच. पेट्रोल म्हणजे कापूर, वहिनी. झाकण उघडलं की उडतो. कापूर उडाला म्हणून कुणी डबीला भोक आहे म्हणतो का?”

“उडालेला कापूर माझ्या विहिरीत कसा आला?”

“मोटार धुतात, कुठे चार थेंब सांडतात, पावसाने वाहून जातात. आता उन्हाळा आलाच. सगळं सुकेल.”

बाकावरचा एक उतारू मध्येच म्हणाला, “वहिनींना आधी मोटारीचा आवाज नको होता. आता वास नको झालाय. उद्या म्हणतील मोटारीची सावली पडते.”

शेठ त्याच्याबरोबर हसले, पण पान लावणारी बोटं थांबली होती. हे मी लक्षात ठेवलं. यजमानांना मुंबईला कळवलं. त्यांचं उत्तर आलं की शिमग्याला येईन तेव्हा बोलतो. शिमग्याला ते आले, शेठशी बोलले, आणि शेठनी त्यांनाही कापराचीच गोष्ट सांगून परत पाठवलं. यजमान म्हणाले, “गावाची सोय आहे, उगाच वैर नको.” वैर मलाही नको होतं. पण पिवळ्या पोफळींची रांग दर पंधरवड्याला विहिरीकडे एकेक झाड सरकत होती आणि मी झाडांना चुन्याचे ठिपके लावत होते.

आता त्या शनिवारी. आदल्या दिवशी दिवसभर राहाट चालवून विहीर उपसली होती. तळाशी कमरेएवढं पाणी राहिलं. पाणी खाली गेलं तसा वास वर आला. सकाळी काठावर ओणवलं की डोळे चुरचुरत आणि डोकं हलकं होई. एरवी कठड्याच्या फटीत चिमण्यांची ये-जा असते. त्या दिवशी एकही नव्हती. वारा पडलेला होता. पोफळींचं पानसुद्धा हलत नव्हतं.

मी भावोजींना म्हटलं, “आज उतरायचं नाही. दिवाही सोडायचा नाही.”

“का? तुमच्या यादीत आज दुसरं काम आहे?”

“विहिरीत पेट्रोल आहे.”

“असेल ना. म्हणून तर दिवा. हवा वाईट असेल तर विझेल, मी आपला घरी येऊन पेज पिईन. चांगली असेल तर जळेल, मग उतरेन. यात तुम्ही कशाला पडता? हे माझं आणि त्या सात जणींचं बोलणं आहे.”

“या हवेत दिवा विझायचा नाही, भावोजी. विहीर पेटेल.”

“पाणी पेटतं होय वहिनी? मग चुलीवर काय ठेवायचं, लाकडं?”

गडी हसला. बोलता बोलता भावोजी काठावर बसले, पाय आत सोडले, कमरेला दोर बांधून घेतला. दोराचं दुसरं टोक गड्याच्या हातात. भावोजींच्या मांडीवर करवंटी, तिच्यात तेल, तेलात वात. फक्त पेटवायची राहिली होती.

“काडेपेटी कुठाय?”

“नाही.”

“घरात काडेपेटी नाही? यादीवाल्या वहिनींच्या घरात?”

“आहे. मिळणार नाही.”

तेवढ्यात शेठ आले. माणसं काय बोलतात ते ऐकायला आले असावेत. विडी ओढत नव्हते एवढं नशीब. म्हणाले, “उतरू द्या वहिनी. एकदा गाळ निघाला की वास गेला. सगळा जुना कुजका गाळ आहे तो.”

मी त्यांच्याकडे वळून काही बोलणार, तोच ध्यानात आलं की गड्याची बायको जागेवर नाही. ‘अरे, कुठे गेली ती?’ म्हणेपर्यंत ती मागच्या दगडी गडग्यावरून येताना दिसली. तिच्या हातात दुसरी करवंटी होती आणि करवंटीतून धूर निघत होता.

आमच्याकडे घरात काडी नसली की शेजारच्या चुलीतून विस्तव आणतात. नारळाच्या सोडणात, नाहीतर करवंटीत, वर चिमूटभर राख. कोणी कोणाला विस्तव नाही म्हणत नाही. काडेपेट्या पुरताना ही गोष्ट माझ्या डोक्यात आली नव्हती. ती बाई निखाऱ्यावर फुंकर घालत पाटाच्या कडेने सरळ विहिरीकडे येत होती. फुंकर घातली की निखारा लाल व्हायचा, की पुन्हा पुढे चार पावलं.

“थांब! तिथंच थांब!”

“आनलाय वयनी, शेजारून आनलाय. आसरांचा खोलंबा नको.”

“एक पाऊल पुढे टाकू नकोस!”

मी धावले. पाटात पाय घसरला, गुडघ्यापर्यंत चिखल झाला, पण तिच्या आणि विहिरीच्या मध्ये जाऊन उभी राहिले. तिला वाटलं मी रागावले आहे, आणि मी तिच्या हातातली करवंटी हिसकावून फेकते की काय अशा भीतीने तिने ती उराशी धरली.

“फुंकू नकोस. मागे फिर. खळ्यावर चल.”

“आसरांना न विचारताच उतरवताव भावोजींना? माज्या मान्साच्या हातात दोर हाय वयनी. तो सुटला तं पाप कुनाच्या माथी?”

“उतरवत नाही. आसरांना आज मीच विचारते. पण खळ्यावर.”

तिला खळ्यावर नेलं, जिथे आम्ही सुपारी वाळवतो. विहिरीपासून ते चांगलं लांब आणि मोकळं आहे. विस्तव एका कडेला ठेवायला लावला आणि तिथून हलू नको म्हणून बजावलं. मग परत येऊन मातीचं मडकं विहिरीत सोडलं. पोहरा मुद्दामच घेतला नाही. लोखंड दगडावर आपटलं तर ठिणगी पडते. वरच्या वर जेवढं आलं तेवढं पाणी घेतलं. पोफळीची एक रुंद विरी, म्हणजे झावळीच्या बुडाचं पन्हळीसारखं सोपट, ओली करून खळ्याच्या मध्ये मांडली आणि मडकं तिच्यात रिकामं केलं. कोणालाही विचारलं तर त्याने पाणीच म्हटलं असतं.

“भावोजी, दोर सोडा आणि इकडे या. शेठ, तुम्हीही. लांबूनच बघा.”

भावोजी नाखुशीने उठले. “चला, वहिनी आज पाणी शिजवणार आहेत,” म्हणत आले. करवंटी अजून हातात होती.

एका लांब कळकाच्या टोकाला सुकी झावळी बांधली, ती विस्तवावर धरली, पेटली. मग हात लांब करून ती विरीकडे नेली.

झावळी पाण्याला टेकलीसुद्धा नाही. भक् असा आवाज झाला आणि जाळ विरीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत एकदम उभा राहिला. माझ्या कपाळावरचे केस करपले. गड्याच्या बायकोने किंकाळी फोडली. जाळाखाली पाणी स्वच्छ दिसत होतं. तळाची विरीची शिरन्‌शिर दिसत होती. आणि वर ते जळत होतं. बराच वेळ जळलं. मग कडा निळ्या झाल्या आणि विझलं. विरीत पाणी होतं तेवढं होतं.

भावोजींनी हातातली करवंटी बघितली. खाली बसले, तेल मातीत ओतलं, वात बोटांनी काढून पंच्याच्या टोकाला बांधली. मग म्हणाले, “माझे पाय आत होते, वहिनी.”

गड्याची बायको विहिरीच्या दिशेने हात जोडून पुटपुटत होती. गड्याने दोर सोडून गुंडाळला, पुन्हा सोडला, पुन्हा गुंडाळला.

शेठ म्हणाले, “कुणीतरी डबा ओतला असेल.”

“हो. तुमच्या टाकीने.”

“वहिनी, उद्या दोन वऱ्हाडं आहेत. आगाऊ शब्द दिलाय. लगीनसराई संपू दे, मी स्वतः टाकी उघडतो.”

“वऱ्हाडं बैलगाडीने जातील. मोटारी यायच्या आधीही या गावात लग्नं लागत होती.”

“माझं पोट मारताय तुम्ही.”

“शेठ, संशय आला की विक्री बंद. ही तुमचीच अट आहे, माझी नाही. माझी विहीर आहे, आणि तिच्या काठावर आत्ता माझा दीर बसला होता.”

ते खाली मान घालून थांब्यावर गेले. मी मागोमाग गेले. पंपाला कुलूप घालायला लावलं, टाकीत पट्टी घालायला लावली आणि ओली खूण कुठवर आली तिथे खडूने रेघ मारली. दुसऱ्या दिवशी, एक थेंबही न विकता, पुन्हा पट्टी घातली. खूण रेघेच्या खाली होती, आणि बरीच खाली. शेठ त्या पट्टीकडे बघत राहिले. “मला खरंच वाटलं उडतंय,” ते म्हणाले. मला वाटतं ते खरंच बोलत होते. रोज थोडं थोडंच कमी होत असलं की माणूस रोज स्वतःला समजावू शकतो.

विहिरीतलं पाणी बाटलीत भरून, घट्ट बूच मारून भावोजी आणि गडी अलिबागला घेऊन गेले. मोटारीने नाही, बैलगाडीने, आणि गड्याच्या विड्या घरी ठेवून. पाहणी झाली. पंपाला सील लागलं. हाताच्या पंपाने टाकीतलं पेट्रोल डब्यांत उपसून नेलं. पाहणी करणाऱ्या साहेबांनी हुकूम केला की टाकी उकरून बाहेर काढावी. पण त्यांच्याबरोबर आलेल्या मिस्त्रीने मला बाजूला बोलावून सांगितलं, “भरलेल्या टाकीपेक्षा रिकामी वाईट. आत वाफ राहते. आधी पाणी भरा, मग उकरा. आणि लोखंडी पहार लावू नका.” पाऊस दोन आठवड्यांवर होता. पावसानंतर बघू असं ठरलं.

पावसानंतर शेठनी परवाना परत केला आणि थांबा रेवदंड्याच्या बाजूला हलवला. तिथे पुन्हा डबेच आहेत. टाकीचं विचारलं की म्हणतात, माझा परवानाच नाही तर माझी टाकी कसली. जमीन तुमची आहे. यजमान गणपतीत त्यांच्याकडे जाऊन बसले, ओळखीचं बोलले, उपयोग झाला नाही. मी मजूर शोधले. पाणी पेटल्याची गोष्ट रेवदंड्यापासून थळपर्यंत पसरली होती; त्या जागेवर कुदळ मारायला कोणी तयार होईना. एक जण तयार झाला, त्याला मिस्त्रीचं बोलणं सांगितलं, तोही आला नाही. न सांगता त्याला उकरायला लावणं मला जमलं नसतं.

आमची विहीर बंद आहे. राहाट उतरवून ठेवला. देवळाच्या विहिरीवरून जेवढं शिंपणं होतं तेवढ्यावर निम्मी वाडी उभी आहे. पण आता प्रश्न आमच्या विहिरीचा राहिलेला नाही. इथलं पाणी जमिनीखालून समुद्राकडे सरकतं, आणि आमच्या आणि समुद्राच्या मध्ये वाड्या आहेत. त्या शनिवारनंतरच्या दोन्ही पावसाळ्यांनंतर मी तिथल्या प्रत्येक विहिरीवर जाऊन आले. पहिल्या वर्षी कुठेच काही नव्हतं. गेल्या वर्षी लगतच्या वाडीच्या दोणीवर मला ती साय दिसली. तिथल्या बाईंना विरीत पाणी पेटवून दाखवलं. त्यांनी राहाट थांबवला.

भावोजी पुन्हा विहिरींत उतरतात. जाऊबाई रोज भांडते, पण ते दुसऱ्याला नाही म्हणत नाहीत. आता आधी लांब नेऊन पाणी पेटवून बघतात, मगच दिवा. आसपासच्या वाड्यांतही तशीच रीत पडली आहे. त्या लगतच्या वाडीच्या पलीकडची वाडी मात्र मुंबईच्या एका माणसाने गेल्या दिवाळीत घेतली. घर बंद असतं. एक राखण्या आहे, तो घाटावरचा. त्याला टाकी माहीत नाही, आसरा माहीत आहेत. त्याने विहीर उपसायची ठरवली आहे आणि भावोजींची वाट न बघता स्वतःच उतरणार आहे असं काल गड्याच्या बायकोने सांगितलं. आज मी तिथल्या गडग्यापर्यंत जाऊन हाका मारल्या, फाटकाला आतून कडी होती. कोणी ओ दिली नाही. राहाट चालल्याचा आवाज येत होता, म्हणजे विहीर उपसायला लागले आहेत; तळ लागायला आजचा दिवस जाईल, दिवा उद्या.

या वैशाखाच्या कामांची यादी आज केली. आमसुलं, फणसपोळी, कौलं परतणं, गोठ्याची कूड. त्या सगळ्यांच्या वर दोन कामं. राखण्याला उद्या उजाडताच गाठणं, दिव्याआधी. आणि त्याच्या खाली, सलग तिसऱ्या वर्षी त्याच शब्दांत: टाकी पाण्याने भरून उकरून काढणं.

दोन्ही बाकी.